ही घंटा मी आधी ऐकली आहे

दिग्रसला आमच्या मागच्या खोलीत अधूनमधून एका चिनी देवळाचा वास येतो. येण्याचं काही कारण नाही. खोलीत गव्हाची कोठी आहे, जुना कूलर आहे, माझी पुस्तकं आहेत. उदबत्ती तिथे कुणी लावत नाही. तरी दुपारी जरा आडवी झाले की मध्येच तो येतो. ओल्या दगडाचा, लाल मेणबत्त्यांचा, आणि त्यावर एक कोरडा, घशात उतरणारा धूर. मी उठून पाहते. काही नसतं. नसलेला वास येण्याला वैद्यकात नाव आहे आणि ते मला पाठ आहे. नाव माहीत असल्याने वास जात नाही.

मी डॉक्टरकी चीनमध्ये शिकले. शहराचं नाव घरी कुणाला नीट म्हणता येत नसे, म्हणून सगळे नुसतं 'तिकडं' म्हणत. माझ्या हॉस्टेलपासून तीन थांब्यांवर एक देऊळ होतं. एका बाजूला मेट्रोचं स्टेशन, दुसऱ्या बाजूला चाळीसेक मजल्यांची इमारत, आणि मध्ये पिवळ्या भिंतीच्या आत ते बसलेलं. पहिल्यांदा मी पाऊस चुकवायला आत गेले. नंतर जात राहिले, कारण तिथे कुणी माझ्याशी बोलायला येत नसे. वर्गात, मेसमध्ये, सगळीकडे काहीतरी बोलावं लागायचं. देवळात गप्प बसलेला माणूस कुणाला विचित्र वाटत नाही.

दाराचा उंबरा गुडघ्याइतका उंच होता. त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. बाहेर हॉर्न, मेट्रोच्या घोषणा, चौकात स्पीकर लावून नाचणाऱ्या बायका. उंबरा ओलांडला की हे आवाज बंद होत नसत, फक्त दोन पावलं मागे सरत. मग आतले ऐकू येऊ लागत. एका पोकळ लाकडावर पडणारी टकटक, भिक्षूंचं एका पट्टीतलं म्हणणं, बांबूच्या नळीत खुळखुळणाऱ्या, नशीब बघायच्या काड्या, जाड कोटांची सळसळ. ऑफिसमधली माणसं जेवणाच्या सुट्टीत येत, डब्याची पिशवी मनगटात अडकवून हात जोडत, आणि पाच मिनिटांत परत जात. माझ्याच वयाची एक मुलगी रोज कानात इयरफोन घालून डोळे मिटून उभी असायची. ती काय ऐकत होती कोण जाणे.

एक म्हातारी मात्र नुसती वासासाठी यायची. मोठ्या लोखंडी कुंडाजवळ, जिथे सगळ्यांच्या उदबत्त्या राखेत खोचलेल्या असत, ती घडीची तिपाई टाकून बसे, धूर जिकडे वळेल तिकडे सरकत. भाषांतराच्या ॲपवरून तिने मला सांगितलं की मुलाच्या फ्लॅटमध्ये उदबत्ती लावता येत नाही, छतावरचा धुराचा अलार्म वाजतो. म्हणून ती इथे येऊन कोटात वास भरून घेते. घरी गेल्यावर कोट पलंगाजवळ टांगते. "रात्रभर पुरतो," असं ॲपने सांगितलं.

तिनेच माझा हात धरला होता. फाटकावर प्रत्येकाला तीन उदबत्त्या फुकट मिळत. मी त्या पेटवल्या, ज्योत तोंडाने न फुंकता हाताने विझवली. इथवर बरोबर होतं, आमच्याकडेही तसंच करतात. पण राखेत खोचायला उजवा हात पुढे केला तशी तिने माझं मनगट धरलं आणि डाव्या हाताकडे बोट दाखवलं. ॲपवर तिचं कारण आलं: उजव्या हाताने माणूस मारतो, कापतो, पाप करतो. देवाला डावा. मला तो हात पुढे करवेना. शेवटी तिने माझ्या डाव्या हाताला धरूनच त्या तिन्ही राखेत रोवल्या.

हे मी त्याच दिवशी बाबांना सांगितलं. बाबा फोनवर इतके हसले की खोकला लागला.

"डाव्या हातानं? देवाले? तुयी आई ऐकून राह्यली हं मागं, तिनं कपायाले हात लावला."

"तिथे तसंच असतं, बाबा."

"असूदे, असूदे. पन तीन काहून? तीन तिगाडा काम बिघाडा. एक परत कर त्यायले."

"परत घेत नाहीत."

"मंग चौथी इकत घे. आपलं काम कायले बिघडवतं?"

बाबांचं जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या यंत्रांच्या दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक चालू यंत्राला आणि मूठ कानाला लावून ते आतलं कोणतं बेअरिंग जाणार आहे ते सांगत. साखरेने डोळे नेले तेव्हा माझं दुसरं वर्ष चालू होतं. फोटो पाठवण्यात मग अर्थ उरला नाही. तिकडे आपली ॲप चालत नाहीत, म्हणून त्यांच्या फोनमध्ये तिकडचं एक टाकून दिलेलं होतं. बोलण्याचं बटण बोटाला सापडावं म्हणून त्यांनी काचेच्या कडेला एम-सीलचा एक ठिपका चिकटवून घेतला. त्यानंतर मी त्यांना आवाज पाठवू लागले. ते ऐकायचे आणि ओळखायचे. तोच आमचा खेळ झाला.

लाकडाची टकटक पाठवली तर उत्तर आलं, "हे इंजिन होय. व्हॉल्व्ह सैल हाये, सेट कराले सांग त्यायले." भिक्षूंचं म्हणणं ऐकून, "पावणेदोनाचा पाढा म्हनून राह्यले का?" पण वासाच्या बाबतीत ते गंमत करत नसत. "वास कसा हाये?" विचारत. मी म्हणे, उदबत्तीसारखा. "तसं नाई. तेल जळल्यावानी का लाकूड जळल्यावानी? नाकात बसते का घशात?" मला सांगता येत नसे. इंग्रजी शाळेत मला फुलांची नावं शिकवली होती, वासांची नाही. त्यांच्यासाठी मी त्या कुंडाजवळ उभी राहून धूर ओढून घेत असे आणि शब्द शोधत असे. ओला दगड. मेण. जुन्या कपाटाचा आतला कप्पा. बाबा म्हणायचे, "हां, आता दिसलं."

शेवटच्या वर्षाची परीक्षा हिवाळ्यात होती. ती संपली की कायमची परत यायचं, तिकीटही काढून झालं होतं. पेपर सुरू व्हायच्या आधीच्या शुक्रवारी आईचा मेसेज आला की बाबांच्या छातीत कफ झाला आहे, यवतमाळला दवाखान्यात ठेवलं आहे, काळजीचं काही नाही. घसा बसला म्हणून डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. ते सांगतील तसं लिहून पाठवेन.

शनिवारी मी देवळात गेले. मी काही देवभोळी नाही. फाटकावर तीन उदबत्त्या घेतल्या आणि डाव्या हाताने खोचल्या, आता तो हात आपोआप पुढे यायला लागला होता. चौथी विकत घ्यावी असं मनात आलं. दुकानासमोर रांग होती. मी घेतली नाही.

संध्याकाळी दार बंद करण्याआधी ते मोठी घंटा वाजवत. दोरांवर आडवा टांगलेला ओंडका मागे ओढून सोडायचा. आपल्याकडच्या देवळातली घंटा टण्ण वाजते आणि संपते. ही वाजल्यावर लगेच काही ऐकू येतच नसे. मग पायाखालून काहीतरी सुरू व्हायचं आणि कानात यायच्या आधी बरगड्यांत यायचं. ते संपलं असं वाटेपर्यंत पुढचा ठोका. बाबांनी ही घंटा अनेकदा मागितली होती, पण माझ्या वेळा जुळत नसत. त्या दिवशी मी खांबाला टेकून अकरा मिनिटं रेकॉर्ड केली आणि पाठवून दिली.

रविवारी सकाळी उत्तर आलं. 'ही घंटा मी आधी ऐकली आहे.'

मी लिहिलं, 'कुठे?'

त्याला उत्तर आलं नाही.

सोमवारी पेपर झाला. मंगळवारी मी ऑक्सिजन किती आहे ते विचारलं, मला ते विचारता येतं याचा थोडा अभिमानही होता. काही वेळाने उत्तर आलं, '९७'. मी निवांत झाले आणि अभ्यासाला बसले. पुढचे बारा दिवस मी मधूनमधून आवाज पाठवत राहिले आणि तिकडून उत्तरं येत राहिली. अंगण झाडणाऱ्या बांबूच्या खराट्यावर उत्तर आलं, 'जिनिंगमध्ये सरकी ढकलून राह्यले.' मी लायब्ररीत एकटीच मोठ्याने हसले. समोरच्या मुलीने मान वर करून पाहिलं.

नागपूरला विमानतळावर काका घ्यायला आले होते. दुपारचं ऊन होतं आणि त्यांनी कानटोपी घातली होती. बॅग उचलायला ते वाकले तशी ती पुढे सरकली. खाली केस नव्हते. डोक्याची कातडी कोवळी, निळसर होती, दोन-तीन दिवसांपूर्वीच वस्तरा फिरल्यासारखी. दहाव्याला आमच्याकडे घरातले पुरुष डोकं करतात. मला दिवस मोजायला फार वेळ लागला नाही.

"काका," मी म्हटलं.

"गाडीत बस, पोरी."

वर्ध्याच्या पुढे गेल्यावर ते बोलले. "पेपर होते नं तुये. येनारच होती तू. सगळ्यायनं ठरवलं, सांगाचं नाई. तुयी आई नाई म्हनत होती. आमीच तिले दबावलं."

बाबा मंगळवारी पहाटे गेले होते. '९७' आला तेव्हा त्यांना जाऊन चार-पाच तास झाले होते.

मंगळवारनंतरचं सगळं आईने लिहिलं, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. घरात दुखवट्याला बायका बसलेल्या, आणि आई मागच्या खोलीत जाऊन, फोन कानाला लावून, बाबांनी यावर काय म्हटलं असतं ते ठरवत होती. खराटा म्हणजे सरकी, हे तिने ठरवलं होतं. मी तिच्यावर ओरडले नाही. मी कमी बोलणारी आहे, रागातही. नुसतं तिच्याशी बोलायचं टाळू लागले, आणि ती मला समोर ताट ठेवून निघून जाऊ लागली.

मंगळवारनंतरचं तिचं होतं, ठीक. शुक्रवारच्या आधीचं बाबांचं होतं, त्यांच्याच आवाजात. पण मधले चार दिवस ते जिवंत होते. रविवारचं ते वाक्य कुणाचं?

मला तेवढंच हवं होतं. ते बाबांचं असेल, तर जाता जाता त्यांनी मला काहीतरी सांगितलं होतं. नसेल, तर त्यांचं शेवटचं बोलणं गुरुवारचं उरत होतं, 'आज थंडी लय हाये, ठेवतो.' आईला विचारलं की यातलं एक कायमचं नाहीसं होणार होतं. म्हणून मी विचारलं नाही. परदेशातून आलेल्यांना द्यावी लागते ती परीक्षा दिली, नापास झाले, परत दिली, पास झाले. दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात मी गावातली एकूण एक घंटा ऐकली. देवळांच्या, शाळांच्या, बर्फाच्या गोळेवाल्याची. पुलाखाली जाऊन उभी राहिले, वरून ट्रक जाताना काही तसं वाजतं का म्हणून. जिनिंगच्या फाटकाशी उभी राहिले. कापसाची धूळ नाकात गेली, पण तसा आवाज कुठे नव्हता. बाबा उभा जन्म दिग्रस सोडून फारसे कुठे गेले नव्हते. मग त्यांनी ही घंटा कुठे ऐकली? कधी वाटे, ते वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून नाही, पलीकडे बघून म्हटलं असेल. मग मला भीती वाटायची. त्या तीन उदबत्त्यांचीही वाटायची. हे मी कुणाला सांगितलं नाही. डॉक्टर झालेल्या मुलीने असलं काही सांगायचं नसतं.

इंटर्नशिप यवतमाळला मिळाली, त्याच दवाखान्यात. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आई ओसरीवर वाती वळत बसली होती. मी समोर बसले आणि सरकी काढून तिला कापूस देऊ लागले. बराच वेळ आम्ही दोघी तेच करत होतो.

"आई, त्या रविवारी बाबांनी सांगितलं होतं का, घंटेचं लिहायला?"

कोणती घंटा, असं तिने विचारलं नाही. वात वळून पूर्ण केली, बाकीच्यांशेजारी ठेवली.

"शनवारपासून ते बोललेच नाई, बाई."

"ऐकवलं होतंस त्यांना?"

"ऐकवलं. कानाशी धरला फोन. सिस्टर खेकसली, मोबाइल बंद करा म्हने. तरी धरला."

"मग?"

"मंग काय. डोळे उघडे होते. ते तं तसेही उघडेच राहत."

मी हातातल्या कापसातली सरकी काढत राहिले. ती आधीच काढून झाली होती.

"म्हणजे तू लिहिलंस."

"मीच लिहिलं. तू वाट पाहत असती. दुसरं काही धाडलं असतं तं केली असती त्यायच्यावानी गंमत. पन ते वाजलं अन् मले गंमत सुचलीच नाई. मले वाटलं, हे तं मी ऐकलं हाये. तेच तं ऐकून राह्यलो होतो तिथं, रातभर."

"काय ऐकत होता?"

"सिलिंडर. ऑक्सिजनचे. व्हरांड्यातून ढकलत नेत नं, एकमेकाले लागले का अस्साच आवाज. खालून येनारा. लवकर जातच नाई."

पुलाखाली उभी राहून मी जे शोधत होते ते आईने त्या रविवारीच लिहून दिलं होतं.

"मी विचारलं होतं, कुठे म्हणून," मी म्हटलं.

"वाचलं मी. काय लिहू? त्यायच्या उशाशी बसून लिहू का, इथं म्हनून? दुसऱ्या दिवशी पेपर होता तुया."

मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हेच घेऊन बसली होती का एवढे दिवस? मले वाटे माह्यावर राग हाये."

"राग होताच."

"असूदे मंग. बोलली तरी." तिने हात पुढे केला. "कापूस दे."

मी दिला. ती वळत राहिली. चार वर्षं मी इतके आवाज पाठवले, आणि ते सगळे तिनेही ऐकले होते, स्वयंपाकघरातून, मागे उभं राहून, शेवटी फोन कानाला लावून. तिच्या नावाने मी एकही पाठवला नव्हता. तिला काय ऐकू येतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. आणि तिने एकदाच खरं सांगितलं, तर मी ते बाबांचं समजून जपलं.

"आता तिथंच चालली तू," ती म्हणाली. "ऐकू येईन तुले. पायजे तं कान झाकजो."

पहिल्याच आठवड्यात ऐकू आला. मी वॉर्डात एका म्हाताऱ्याचं सलाइन बघत होते. व्हरांड्यात वॉर्डाचे मामा ट्रॉलीवरून दोन सिलिंडर नेत होते, फरशीच्या सांध्यावर चाक आपटलं आणि ते एकमेकांवर आदळले. आधी काहीच नाही. मग फरशीतून ते वर आलं, माझ्या चपलांतून, बरगड्यांपर्यंत. आईचे कान चांगले आहेत. मी बाहेर गेले आणि मामांना विचारलं की सगळेच सिलिंडर असे वाजतात का.

"नाई मॅडम. हे रिकामे हायेत म्हनून. भरलेलं आनतो नं, ते एवढं नाई वाजत. ठप्प बोलते."

मी वॉर्डात परत आले. म्हाताऱ्याच्या नाकातली नळी नीट केली, खाटेशेजारच्या सिलिंडरचा काटा बघितला. त्या शनिवारपासून बाबा बोलत नव्हते, पण कान शेवटपर्यंत शाबूत असतात असं आम्हाला शिकवलं आहे. उभा जन्म यंत्राला कान लावून काढलेला माणूस. व्हरांड्यातून कोणतं रिकामं परत चाललं आहे आणि कोणतं भरलेलं येत आहे, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नसणार.